तीन सुतांचा फरक

१६ जून १९५७, रविवार

आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता, एक पान. कंपनीत मी इन्स्पेक्शनला दिवसाला दोनशे जॉब (यंत्राचे भाग) तपासतो, प्रत्येकाची नोंद होते, आणि खुद्द ज्योतीरामची नोंद कुठेच नाही! लाजिरवाणं आहे.

सकाळी पिंपरीला गुलजारच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढला. लग्नासाठी. सुमनताईनं (माझी थोरली बहीण, कासारवाडीला दिली आहे) तळेगावचं एक स्थळ आणलंय, त्यांना पाठवायला. माझं वय एकतीस, नोकरी पक्की, स्वभाव उत्तम. कमी एकच. वरचे पुढचे दात. ते जरा पुढे आहेत. जरा म्हणजे किती, ते बार्शीच्या शाळेतली पोरं सांगतील. इथे लिहीत नाही.

गुलजार काळ्या फडक्यात डोकं घालून म्हणाला, तोंड मिटा. मिटलं. म्हणाला, अजून मिटा. एवढ्यात शेजाऱ्याची कोंबडी आत आली आणि थेट त्याच्या फडक्याखाली शिरली. गुलजारनं असा काही टाहो फोडला की मला हसू आवरेना, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. एक काच, म्हणजे निगेटिव्ह, फुकट. मग दुसरी काढली, गंभीर. तिच्यावर तो पेन्सिलीनं आणि पात्यानं काम करणार आहे. म्हणाला, साहेब, काचेवरच ओठ बसवून देतो, सख्खी आई ओळखणार नाही. आई आता नाही, पण माणूस कसबी आहे.

१९ जून, बुधवार

दोन दिवस लिहिलं नाही. ओव्हरटाइम.

फोटो आले. काय सांगू! ओठ मिटलेले, सरळ, दात असल्याचा संशयसुद्धा नाही. एखादा मामलेदार बसावा तसा बसलोय. हाच माझा खरा चेहरा आहे, बाकी नुसता फिनिशिंगचा प्रश्न आहे.

चिमाजीला दाखवला. (चिमाजी माझा खोलीतला भागीदार, टर्नर, गाव मावळात. त्याला वाचता येत नाही म्हणून ही वही उघडी ठेवतो.) तो म्हणाला, ह्यो कोन पाव्हणा? म्हटलं, मी. तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, न्हाई राव.

संध्याकाळी सुमनताई आली. तिनंही तेच विचारलं, हा कोण रे ज्योती? घरचीच माणसं पाय ओढतात. गुलजारनं तो कोंबडीचा फोटोही छापून दिलाय, सगळे दात बाहेर, डोळे बारीक. ताई तो बघून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, अगदी आप्पा रे, आप्पा असेच हसायचे. (आप्पा म्हणजे आमचे वडील.) म्हटलं, फाडून टाक. म्हणाली, बघते. दोन्ही फोटो पिशवीत घालून गेली; गंभीर फोटोची एक प्रत मी ठेवून घेतली. तळेगावचं पाकीट तीच टाकणार आहे.

३० जून, रविवार

विजय! तळेगावहून होकार! म्हणजे बघण्याचा होकार, पण तो पहिला टप्पा.

मुलीचे वडील नानासाहेब, निवृत्त हेडमास्तर. मुलगी कुसुम, मुलींच्या शाळेत शिक्षिका. ताई पत्र घेऊन आली होती. त्यात लिहिलंय, फोटो घरात सर्वांना पसंत पडला, मुलाचं हसू विशेष आवडलं असं चि. कुसुमनं स्वतः सांगितलं.

हसू? फोटोत तोंड मिटलेलं आहे. पण विचार केल्यावर समजलं. डोळ्यांतलं हसू. शिक्षिका आहे, तिला दिसणारच. ताईला हे समजावून सांगितलं तर ती खिडकीबाहेर बघायला लागली आणि मग म्हणाली, हो, तसंच असेल. बायकांना सूक्ष्म गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

एक अट आहे. नानासाहेबांच्या घरी चातुर्मास कडक. तेव्हा बघण्याचा कार्यक्रम तुळशीचं लग्न झाल्यावर. म्हणजे मला चार महिने मिळाले.

चार महिने कशाला? फोटोबरहुकूम व्हायला. उघड आहे. ड्रॉइंग पाठवून झालंय, गिऱ्हाइकानं पास केलंय, आता जॉब ड्रॉइंगप्रमाणे करून द्यायचा. इन्स्पेक्टर असल्यामुळे हा विचार मला सुचला, इतर कुणाला सुचला नसता.

३ जुलै, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत व्हर्नियर लावून मोजलं. खालच्या दातांपासून वरचे दात पुढे: तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा), किंचित जास्त. फोटोत: शून्य. फरक तीन सूत. एवढासा फरक! यासाठी माणूस पंधरा वर्षं तोंडावर हात ठेवून बोलला!

व्हर्नियरला ग्रीस होतं. दिवसभर तोंडाला तीच चव.

६ जुलै, शनिवार

पुण्याला डॉक्टर म्हाळसकरांकडे. दात सरकवण्यात त्यांचा हातखंडा आहे म्हणतात. म्हातारे आहेत, सावकाश बोलतात. समोरून, बाजूनं, हनुवटी धरून बघितलं. मग म्हणाले, दोन रस्ते आहेत. एक, सुळ्यांमागचे चार दात काढायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचे मागे घ्यायचे. दुसरा, काही काढायचं नाही, तुमच्या दातांत फटी आहेत, त्या तारेनं मिटवत पुढचे थोडे आत आणायचे.

विचारलं, कुठल्यानं जास्त आत जातील? म्हणाले, काढून. पण तुमचे काढू नयेत. तुमचं नाक मोठं, हनुवटी लहान. ह्या दातांनीच तुमचा ओठ उचलून धरलाय. ते फार मागे गेले की ओठ बसेल, नाक पुढे येईल, गाल ओढल्यासारखे दिसतील, दहा वर्षांनी मोठे दिसाल. कुणाकुणाला काढणं शोभतं, चेहरा खुलतो. तुम्हाला नाही शोभायचं.

मग न काढता किती जाईल? म्हणाले, एक सूत. वर्षभरात. आणि राहिलेले दोन सूत राहू द्यात, तुमच्या चेहऱ्याला बरे दिसतात.

बरे दिसतात! असं समोरच्याच्या तोंडावर बोलायला किती वर्षांचं शिक्षण लागतं कोण जाणे. तार बसवायला हो म्हटलं. पुढचं माझं मी बघून घेईन.

२० जुलै, शनिवार

तार बसली. टाळूला गुलाबी पत्रा, पुढून दातांवरून तार. महिन्यातून एकदा डॉक्टर पकडीनं ती तार किंचित आवळणार. स्वतः हात लावायचा नाही, हे तीनदा बजावलं.

तोंडाचा प्लॅस्टरचा साचा काढला होता, तोही मागून आणला. खोलीत फळीवर ठेवला. पांढराफेक. वरचे दात खालच्यांवरून पुढे आलेले, जसं काही कुणी हसता हसता तिथेच थांबलंय. इन्स्पेक्शनची लाल चिठ्ठी त्याला दोऱ्यानं बांधली: रिजेक्ट. चिमाजी म्हणाला, चेकरसाहेब, मान्सानं सोताच्या त्वांडाला लाल चिठ्ठी बांधू न्हाई. अडाणी माणूस.

२८ जुलै, रविवार

आठ दिवसांत प्रगती: शून्य. व्हर्नियर खोटं बोलत नाही.

त्रैराशिक मांडलं. एका सुताला एक वर्ष, तर तीन सुतांना छत्तीस महिने. हातात उरले साडेतीन. छत्तीस भागिले साडेतीन, साधारण दहा. म्हणजे तार दहापट आवळायला हवी. इतका सोपा हिशेब म्हाताऱ्याला येत नाही!

टूलरूममधून नोज प्लायर (निमुळत्या तोंडाची पकड) आणला. एक पीळ दिला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. याचाच अर्थ काम सुरू झालं.

५ ऑगस्ट, सोमवार

दात दुखतात. भाकरी दुधात कालवून.

आज मशिन शॉपवर मोठा हंगामा. नव्या टर्नरनं अकरा शाफ्ट जास्त घासून ठेवले. लाल चिठ्ठ्या लावल्या आणि सगळ्यांसमोर झाडला त्याला. म्हटलं, अरे, माल जास्त राहिला तर परत घासता येतो. एकदा जास्त काढलास की जॉब मेला. आणणार आहेस का परत चिकटवून? चिमाजी लेथवरून माझ्याकडे, म्हणजे माझ्या तोंडाकडे, बघत होता. त्याला माझं बोलणं फार पटलेलं दिसलं.

१० ऑगस्ट, शनिवार

निर्णय घेतला. तार एकटी पुरणार नाही. जागा करायला हवी.

म्हाळसकर काढणार नाहीत, म्हणून खडकीला दुसऱ्या एका दातवाल्याकडे गेलो. सुळ्यामागचे दोन्ही दात ठणकतात म्हणून सांगितलं. त्यानं ठोकून बघितले. म्हणाला, चांगले आहेत की. मी विव्हळलो. परत ठोकले, परत विव्हळलो, या वेळी जरा मोठ्यानं. शेवटी म्हणाला, तुमची मर्जी. दोन्ही काढले. चांगले लांब मुळांचे, निरोगी. काढताना जो आवाज झाला तो अजून कानात आहे. ओली फांदी पिरगाळून तोडावी तसा.

कागदात बांधून दिले. घेतले नाहीत. कशाला?

११ ऑगस्ट, रविवार

तोंड सुजलंय. चिमाजीनं पेज करून दिली. मग भांडी घासता घासता म्हणाला, साहेब, आता ते परत कसं चिकटिवनार? हे त्यानं कुठून आणलं देव जाणे.

१७ ऑगस्ट, शनिवार

परत खडकी. खालचे दोन. वरचे काढले तर खालचेही काढायला हवेत, बॅलन्स नको का? या वेळी दातवाल्यानं ठोकून बघितलंच नाही. नुसतं माझ्याकडे बघत हात धुतले.

२५ ऑगस्ट, रविवार

प्रोग्रेस एक्सलंट! एक सूत पूर्ण गेलं! म्हाळसकरांचं वर्षाचं काम मी महिन्यात केलं. त्यांच्याकडे जायचं बंद केलंय, उगाच त्यांना वाईट वाटायचं.

बोलताना बारीक शिटी वाजते. कंपनीत शिफ्ट म्हटलं की लोक वळून बघतात. जाईल.

रोज पीळ देतोय. रोज थोडा जास्त.

८ सप्टेंबर, रविवार

दीड सूत.

पुढचे चारही दात हलायला लागलेत. जिभेनं ढकललं तर पुढे, सोडलं तर मागे. आधी घाबरलो. मग विचार केला, हलल्याशिवाय सरकणार कसे? रुतून बसलेली वस्तू कधी सरकते का? घाबरण्याचं काही कारण नाही, असं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा शिटी फार मोठी वाजली.

हिरड्यांतून रक्त येतं. मिठाच्या पाण्यानं थांबतं. पूर्ण थांबत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

वाईट स्वप्न. ताईच्या घरी जेवायला बसलोय आणि दात एकेक करून ताटात पडताहेत, ताई वाढतेच आहे, म्हणतेय, घे अजून घे. सकाळी चिमाजीला सांगितलं आणि चूक केली. म्हणाला, आमच्याकडं असं सपान पडलं की घरातलं कुनीतरी जातंय. म्हटलं, माझ्या घरात आहेच कोण? एक ताई. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. सुटल्यावर चालत कासारवाडी गाठली. ताई अंगणात धुणं वाळत घालत होती, ठणठणीत. म्हणाली, काय झालं रे, धापा का टाकतोस? आणि तू कपडे कुणाचे घातलेस, एवढे ढगळ? माझेच होते. महिनाभर पेजेवर आहे, त्याचं काय!

परत आलो तर फळीवरच्या साच्यावर चिमाजीनं स्वतःची टोपी घालून ठेवलेली. म्हणाला, तो माझ्याकडं बघून हासतोय, मला जेवान जाईना. म्हटलं, प्लॅस्टर आहे ते. म्हणाला, व्हय, पन आता ह्या खोलीत हासनारा त्यो एकलाच हाय.

२१ सप्टेंबर, शनिवार

दोन सूत. तोंडाला वास येतो. लवंग.

२८ सप्टेंबर, शनिवार

लिहायला हवं, रेकॉर्ड आहे म्हणून लिहितो.

काल कंपनीत ताप भरला. वरचा ओठ फुगून नाकाला लागला, हिरड्यांत पू. चिमाजीनं अर्धी रजा टाकली आणि हाताला धरून पुण्याला नेलं. डॉक्टर म्हाळसकरांनी तोंड उघडून बघितलं. मग विचारलं, हे कुणी केलं? म्हटलं, मी. पकडीनं? म्हटलं, टूलरूमच्या. म्हणाले, दात सरकायला हाडाला वेळ द्यावा लागतो हो, हाड म्हणजे लोखंड नव्हे. ह्या दातांच्या बुडाशी आता हाडच उरलं नाही.

पुढचे चारही काढावे लागले. जोर लावावा लागला नाही. पिकल्या सीताफळातली बी निघावी तसे निघाले.

मी विचारलं, आता किती सूत? ते म्हणाले, आता मोजायला काही नाही.

तांत्रिकदृष्ट्या, म्हणजे, उद्दिष्ट साध्य झालं. दात पुढे नाहीत.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मजेशीर प्रकार. कंपनीच्या गेटवर पहारेकऱ्यानं अडवलं. पास बघितला, पासावरचा फोटो बघितला, मला बघितलं. म्हणाला, बाबा, हा पास कुणाचा घेऊन आलात? सहा वर्षं रोज नमस्कार करतो हा माणूस! शेवटी चिमाजीनं येऊन ओळख दिली. म्हणजे कायापालट किती जबरदस्त झालाय बघा.

बाबा का म्हणाला ते कळलं नाही.

ऑक्टोबर, भाऊबीज

ताईकडे. गेले दीड महिने काहीतरी सबब सांगून तिला टाळत होतो, तिला एकदम तयार झालेला चेहरा दाखवायचा म्हणून. कवळी अजून यायची आहे, तेव्हा तोंडावर रुमाल धरून गेलो. ओवाळायला बसल्यावर रुमाल काढावा लागला.

निरांजन माझ्या तोंडासमोर आलं आणि तिथेच थांबलं. ताईचा हात पुढे जाईना. म्हणाली, अगंबाई, आप्पा. आप्पा शेवटी अंथरुणावर होते तेव्हा असे दिसायचे, असं म्हणाली. ओठ आत गेलेला, नाकच नाक. आणि रडायला लागली. मला ओवाळलं ते तसंच रडत.

मी समजावलं की हे मधलं स्टेज आहे, कवळी बसली की ओठ उचलला जाईल, हुबेहूब फोटोतल्यासारखा. तर ती म्हणाली, ज्योती, त्या फोटोचं मला तुला काही सांगायचंय. म्हटलं, फोटोचं नाव काढू नकोस, त्या फोटोपायीच हे सगळं चाललंय, आता शेवटच्या टप्प्यात मन विचलित करू नकोस. ती म्हणाली, अरे पण ऐक तरी. नाही ऐकलं. शिस्त म्हणजे शिस्त. चकली चावता येत नाही म्हणून तिनं ती दुधात भिजवून दिली.

२ नोव्हेंबर, शनिवार

कवळी आली. म्हाळसकरांनी बसवली. सहा दात, एका रांगेत, सरळ, पांढरे. तीन वेळा म्हणाले, जपून हसा, हाड कमी आहे, पकड नाही. आरशात बघितलं. ओठ थोडा वर आला, पूर्ण नाही. नाकाखालच्या दोन्ही बाजूंना खोल रेघा पडल्यात. त्या फोटोत नाहीत. गुलजारला विचारलं पाहिजे, माणसावर पेन्सिल चालते का.

हा विनोद होता. नोंद म्हणून लिहून ठेवतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या तळेगाव. तयारी पूर्ण. आरशासमोर फोटो धरून बसलो. ओठ: सारखे. नजर: सारखी. बाकी फरक टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याइतका.

नमस्कार, मी ज्योतीराम, हे पन्नास वेळा म्हटलं. शिटी अठ्ठेचाळीस वेळा वाजली. प्रमाण सुधारतंय.

एक कबूल करतो, इथे कुणी वाचणारं नाही म्हणून. मला ही मुलगी हवी आहे. ती कशी दिसते ते ठाऊक नाही. पण माझं हसू आवडलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तीन महिने पेज पिताना, पीळ देताना तेवढं एक वाक्य धरून बसलो होतो.

११ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिलं नाही.

तळेगावला साडेदहाला पोचलो, मी आणि सुमनताई. नानासाहेब दारात उभे होते. ताईला म्हणाले, या या. मला वाकून नमस्कार केला. मला! मग माझ्या मागे रस्त्यावर बघत राहिले. बसल्यावर पाणी झालं, आगगाडीच्या वेळा झाल्या, यंदाचं भात झालं. तरी त्यांचं लक्ष दाराकडेच. शेवटी मला म्हणाले, आपण काका का मुलाचे? बरं झालं आलात, वडीलधारं कुणी हवंच. मुलगा मागच्या गाडीनं येतोय वाटतं?

ताई म्हणाली, हाच मुलगा.

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी म्हटलं, नमस्कार, मी ज्योतीराम. शिटी वाजली.

मग कुसुम पोह्यांच्या बश्या घेऊन आली. सावळी, उंच, कपाळ मोठं. बश्या ठेवल्या. माझ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि आत गेली. मला वाटलं लाजली. ती परत आली ती फोटो घेऊन. माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

तो कोंबडीचा फोटो होता.

सगळे दात बाहेर. डोळे बारीक. कडा हाताळून हाताळून मऊ झालेल्या.

मी ताईकडे बघितलं. ती खाली मान घालून म्हणाली, दुसरा पाठवायला मन धजेना रे, तो तू नव्हतासच. सांगणार होते, तू ऐकून घेतलं नाहीस.

कुसुम रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, आमच्या घरात सगळे तोंड मिटून असतात, शाळेतही तेच. हा फोटो आला तेव्हा म्हटलं, या माणसाला काही लपवायचं नाही. म्हणून मीच वडिलांना हो म्हणायला लावलं. चार महिने माझ्या टेबलावर आहेत हे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ते दात कुठे गेले?

सहा खडकीला आणि दोन, नाही, चार खडकीला, चार पुण्याला, असा काहीतरी हिशेब मी मनात करत बसलो.

ती म्हणाली, एकदा तसं हसून दाखवाल?

मी हसलो. अगदी मनापासून प्रयत्न केला, कोंबडी आठवली, गुलजारचा टाहो आठवला. ओठ वर गेला आणि कवळी सुटून खाली आली. पडली नाही, मी हातानं धरली. कुणी हसलं नाही. नानासाहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. कुसुमनं माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि माझी बशी उचलून घेतली. म्हणाली, पोह्यांत दाणे आहेत, तुम्हाला त्रास होईल, शिरा आणते.

तो शिरा मी सगळा खाल्ला.

१७ नोव्हेंबर, रविवार

तळेगावहून ताईच्या पत्त्यावर कार्ड आलं, ती घेऊन आली. वाचून दाखवायची तिची तयारी नव्हती, मीच वाचलं. इथे उतरवून ठेवतो.

आपल्याकडून फोटो आला त्या मुलास आमची पसंती होती. परवा आले ते गृहस्थ तो मुलगा नव्हेत, असे चि. कुसुमचे म्हणणे पडते. सबब पुढे जाता येत नाही. फोटो परत मागू नये, अशी तिची विनंती आहे.

ताई गेल्यावर फळीवरच्या साच्यावरून चिमाजीची टोपी काढली. धूळ पुसली. व्हर्नियर आणलं होतं, मोजलं. तीन सूत, किंचित जास्त. गिऱ्हाइकाची पसंती होती तेवढंच. लाल चिठ्ठी सोडली आणि हिरवी बांधली: पास.

लाल चिठ्ठी हातातच राहिली. चिमाजी पेज ढवळत होता, त्यानं बघितलं. म्हणाला, आना ती हिकडं, चुलीत घालतो. मी दिली नाही. सदऱ्याच्या खिशाच्या गुंडीला बांधून बघितली, दोरा बरोबर पुरला.